चित्रकारांच्या ग्रुपचं चॅलेंज आठवड्यातच का थंडावतं? आखणी करताना या चुका टाळा

ग्रुपवर घोषणा होते, तीस शब्दांची यादी येते, रोज एका शब्दावर एक चित्र काढायचं असतं, हॅशटॅग ठरतो. पहिल्या दिवशी चित्रांची रीघ लागते. आठवडा सरेपर्यंत रोज तेच चार-पाच जण उरतात आणि बाकीचे नुसतं बघून पुढे जातात. खापर मग ‘लोकांना सातत्यच नाही’ असं म्हणत सहभागी मंडळींवर फुटतं. मला हे पटत नाही. दोष बहुतेक वेळा आखणीचा असतो. ज्याला इलस्ट्रेटर, म्हणजे मजकुरासाठी चित्रं काढणारा, व्हायचंय त्याला रोज हात चालवायची सवय हवीच. पण दिलेला मजकूर वाचणं, त्यातला नेमका क्षण निवडणं आणि ठरल्या तारखेला पूर्ण झालेलं चित्र हातात देणं हे त्याला त्याहून जास्त जमायला हवं. आपण आखतो त्या चॅलेंजमध्ये नेमकी याचीच सोय नसते.

एका शब्दाचा विषय देणं

सगळ्यांत मोठी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर.

‘पाऊस’ असा विषय दिला की काय येतं? छत्री, डबकं, कागदी होडी, खिडकीशी चहाचा कप. चित्रं देखणी असतात, पण त्यांत गोष्ट नसते, कारण विषयातच ती नव्हती. त्याऐवजी असं काही देऊन बघा: ‘एसटी नुकतीच निघून गेली आहे. थांब्यावर आजी नातवाचं भिजलेलं दप्तर पदराने पुसते आहे. नातू गेलेल्या गाडीकडे बघतो आहे.’

आता प्रत्येकाला निर्णय घ्यावे लागतात. एसटी दाखवायची, की फक्त चाकांनी उडालेला चिखल? नातवाचा चेहरा दाखवायचा, की त्याला पाठमोरा ठेवून सगळा भार आजीच्या चेहऱ्यावर टाकायचा? मुलाच्या उंचीवरून पाहिलं तर गाडी अजस्र दिसते. वरून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला दोघंच उरतात. आजी चिडली आहे का, हे मजकुरात कुठेच नाही. ते तिच्या खांद्यांवरून आणि पदर धरलेल्या मुठीवरून चित्रकारानेच सांगायचं. इलस्ट्रेशनचं खरं काम इथे सुरू होतं. एकाच मजकुरावरची दहा वेगळी उत्तरं शेजारी ठेवली की शिकायला जे मिळतं, ते दहा छत्र्यांमधून मिळत नाही.

पुढच्या मजकुरात हीच आजी पुन्हा आणा. एकदा चुलीपुढे बसलेली, एकदा पाठमोरी चालताना. तेच पात्र तीन चित्रांत तेच वाटलं पाहिजे, हे नवख्यांना सर्वांत जड जातं आणि बालपुस्तकाच्या कामात ते पहिल्या पानापासून लागतं.

मजकूर कुठून आणायचा? ग्रुपमधल्याच कोणाकडून चार ओळी लिहून घ्या, किंवा लोककथा तुमच्या शब्दांत सांगा. छापील साहित्य घ्यायचं असेल तर भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो, एवढं लक्षात ठेवा. साने गुरुजींचं निधन १९५० सालचं, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत २०१० अखेर संपली. हयात कवीची कविता मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका.

मराठीत या कामाला मोठी परंपरा आहे. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंकांनी चित्रकारांना काम दिलं, नाव दिलं. आजही कथाचित्र करणाऱ्याच्या हातात येते ती कथा आणि एक तारीख. तुमचं चॅलेंज त्याच धाटणीचं असेल, तर सहभागी व्यक्ती तयार होऊनच बाहेर पडेल.

रोजची सक्ती, आणि चुकलेल्या दिवसाला माफी नाही

चौथा दिवस चुकला की पाचव्या दिवशी दोन चित्रं देणं लागतात, सहाव्याला तीन. मग माणूस लाजेने ग्रुप म्यूट करतो. गंमत म्हणजे ज्या चॅलेंजचं बघून आपण हे नियम उचलतो, तिथेही एवढा कडकपणा नाही. अमेरिकन चित्रकार जेक पार्कर यांनी २००९ मध्ये स्वतःचं शाईकाम सुधारावं म्हणून इंकटोबर, म्हणजे ऑक्टोबरभर रोज शाईने चित्र काढायचं चॅलेंज, सुरू केलं. त्यात एकतीस दिवसांच्या जोडीने एक दिवसाआड किंवा आठवड्यातून एकदा चित्र काढण्याचीही मुभा आहे.

नवख्यांच्या ग्रुपला मी आठवड्याला एकच मजकूर सुचवेन. सोमवारी मजकूर, बुधवारी काडेपेटीएवढी तीन कच्ची स्केचेस, रविवारी पूर्ण चित्र. महिन्याला चार चित्रं होतात आणि चारही पोर्टफोलिओत ठेवण्याजोगी होऊ शकतात. एखादा आठवडा चुकला तर तो सोडून द्यायचा, पुढच्या सोमवारी सगळ्यांबरोबर सुरुवात करायची. हा नियम पहिल्याच दिवशी लिहून टाका. मागचं देणं फेडायचं नाही म्हटलं की लोक परत येतात.

तारखाही आपल्या पंचांगाने ठरवा. ऑक्टोबरमध्ये नवरात्र, दसरा, कॉलेजच्या परीक्षा आणि बऱ्याच वर्षी दिवाळीसुद्धा येते. गणपती विसर्जनानंतरचा पंधरवडा त्यामानाने मोकळा असतो. जून-जुलैही चांगले.

‘भारी!’, ‘मस्त!’ आणि पुढचं चित्र

चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये रोज चाळीस चित्रं नीट बघणं कोणालाच शक्य नसतं. ज्याच्या चित्राला एकही प्रतिसाद येत नाही तो गळतो, आणि ज्याला वीस अंगठे मिळतात तोही काही शिकत नाही. पाच-सहा जणांचे गट करा. अभिप्राय पूर्ण चित्रावर न देता बुधवारच्या कच्च्या स्केचवर द्या; तेव्हा बदल करायला दोन मिनिटं लागतात, रविवारी मन तुटतं. विचारायला ठरावीक प्रश्न द्या: नजर आधी कुठे जाते? काय घडतंय ते मजकूर न वाचता कळतं का? हात, पाय, चेहरा कागदाच्या कडेला अडखळलाय का? ‘आवडलं’ आणि ‘नाही आवडलं’ हे दोन्ही शब्द आठवडाभर बाजूला ठेवले तरी चर्चा सुधारते.

साहित्याची आणि फोटोची आबाळ

महागड्या पेनांची यादी लावू नका. एक आकार ठरवा, ए५ (ए४ कागदाचा अर्धा) पुरेसा आहे, आणि काळ्या रंगापुरतंच काम ठेवा. डिजिटल चालेल का, फोटोवरून काढलेलं चालेल का, एआयची मदत चालेल का, हे आधीच सांगा. मधेच भांडणं होतात ती यावरूनच. शाईवर काळा वॉटरकलर फिरवायचा असेल तर शाई वॉटरप्रूफ हवी. फाऊंटन पेनची साधी शाई ओल्या ब्रशखाली पसरते आणि चेहरा आधी जातो.

व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि बारीक रेघ तुटते. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा एका सामायिक ड्राइव्हमध्ये ठेवा. ए५ चित्र ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर साधारण १७४८ × २४८० पिक्सेल लागतात.

‘सर्व हक्क आयोजकांकडे’

हे वाक्य कुठल्यातरी स्पर्धेच्या पत्रकातून उचलून चॅलेंजच्या नियमांत येतं आणि मला ते वाचूनच राग येतो. शिकणाऱ्या मुलांच्या चित्रांवर असा हक्क सांगणं अन्याय आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायला चित्रकाराच्या सहीचा लेखी करार लागतो. तुम्हाला चित्रं प्रदर्शनात किंवा अंकात वापरायची असतील तर तेवढीच परवानगी मागा: कुठलं चित्र, कुठे, किती काळ, नाव कसं छापायचं. चित्रकाराचं नाव चित्राखालीच यावं, शेवटच्या पानावरच्या यादीत नव्हे. बक्षीसही टाळलेलं बरं. पहिला नंबर कोणाचा हे दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना कळतं आणि उरलेले हात आखडता घेतात.

त्याऐवजी शेवटी एक छोटा अंक काढा. ए४ कागद मधोमध दुमडला की ए५ ची चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. १६ पानांना चार कागद पुरतात. मधोमध दोन पिना मारल्या की झालं. पेन्सिलच्या फिक्या छटा झेरॉक्समध्ये उडतात, काळी शाई टिकते. प्रेसला द्यायचं असेल तर कडेपर्यंत जाणाऱ्या चित्रांना चारही बाजूंनी ३ मिमी जास्तीची जागा सोडा. आणि एक नमुना प्रत काढून, दुमडून, पानांचा क्रम तपासल्याशिवाय बाकीच्या प्रती छापायला सांगू नका.