कुंडीतली माती कडक सुकलीय? वरून पाणी ओतू नका

गावाहून आठ-दहा दिवसांनी परत आलं की कुंडीतली माती दगड झालेली असते, कडेने सुटलेली पण असते, मग आपण वरून तांब्याभर पाणी ओततो आणि ते त्या फटीतून सरळ खालच्या ताटलीत येतं, मधला गोळा कोरडाच. मातीत पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा भुगा) असेल तर अजूनच वाईट, एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी सहजासहजी धरत नाही.

त्यापेक्षा टबात कुंडीच्या निम्म्या उंचीएवढं पाणी घ्या आणि कुंडी त्यात अर्धा-पाऊण तास ठेवा. मातीच्या बारीक छिद्रांमध्ये हवा भरलेली असते ना, पाणी खालून चढत जातं तशी ती वरून निघून जाते. अख्खी कुंडी बुडवायची नाही हं, चारी बाजूंनी पाणी घुसलं की हवा मध्येच अडकते. वरची माती काळसर, ओलसर दिसली की कुंडी काढून नीट निथळू द्या, मोठ्या छिद्रांतलं पाणी गेलं की तिथे परत हवा येते, मुळांना ती लागतेच. उचलून बघा, वजनावरूनच कळतं.

नेहमी मात्र असं नको, क्षार वरच्या थरात साचतात, मधूनमधून वरून भरपूर पाणी घालून ते धुवून काढा.