वळवाचा ढग दुपारी बारालाच ओळखा

एप्रिल-मे महिन्यांत बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणी-अथणीपर्यंत वळीव कोसळला की आपण म्हणतो, अचानक आला. खरं तर त्याची तयारी सकाळपासूनच चाललेली असते.

उन्हानं जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. पण नुसत्या तापण्यानं ढग होत नाही, ओल लागते. दुपारनंतर अरबी समुद्राकडचा दमट वारा घाट चढून आपल्या पठारावर येतो आणि पूर्वेच्या कोरड्या, तापलेल्या हवेला भिडतो. जिथं भिडतो त्या पट्ट्यात हवा वरच उसळते. म्हणूनच एका शिवारात बांध फुटतात आणि शेजारच्या गावात धूळ उडत असते. वर वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, ढग आणखी फुगतो आणि 12 ते 15 किलोमीटर उंच जातो. तिथं गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर आदळून वीज तयार होते.

सकाळपासून उकडतंय, घाम वाळत नाही, आणि बाराच्या सुमारास फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग उभे वाढताना दिसले, तर तीननंतरचं काम दुसऱ्या दिवसावर ढकला. आंबे उतरवणं, काजूबिया आणि वाळवण भरणं आधीच उरका. ढगाचा माथा सपाट पसरला, बूड काळं पडलं, की थोड्याच वेळात अंगावर गार वारा येतो. पुष्कळांना तो बरा वाटतो, ‘एवढी सरी उरकतो’ म्हणून ते थांबतात. कृपा करून थांबू नका. तो वारा ढगातूनच खाली कोसळलेला असतो, आणि वीज पाऊस सुरू होण्याआधीही पडते.

गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. ट्रॅक्टर, उघडी शेड, मोटरीचा स्टार्टर, तारेचं कुंपण यांपासून लांब राहा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर ठेवा.

गुरं झाडाखाली बांधू नका. झाडावर पडलेली वीज मुळांभोवतीच्या जमिनीत पसरते, आणि गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्यानं ती त्यांच्या अंगातून जाते. वीज लागलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नका, त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्या आणि 108 ला फोन करा.

वळवाच्या ओलीवर नांगरट, कुळवणी जरूर करा, सोयाबीन मात्र पेरू नका. वरची ओल चार दिवसांत उडते आणि उगवलेलं रोप करपतं. मोसमी पाऊस 75 ते 100 मिलिमीटर झाल्यावरच पेरा. येळ्ळूर-खानापूरकडची भाताची धूळवाफ पेरणी कोरड्या मातीतच होते, पण जोरदार वळीव झाला असेल तर वाफसा येऊन, म्हणजे जास्तीचं पाणी निचरून, माती पुन्हा भुसभुशीत होईपर्यंत पेरणीची कुरी धरू नका.