सोलर कार शर्यतीला नेताय? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातल्या वर्ल्ड सोलर चॅलेंज शर्यतीत डार्विनहून ॲडलेडपर्यंत सुमारे 3000 किलोमीटर जायचं असतं. बहुतेक विद्यार्थी टीमचा जीव सोलर पॅनलमध्ये अडकलेला असतो. गाडी मात्र भलत्याच कारणाने अडते. 2019 मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे टीमची ‘रेड ई’ आघाडीवर असताना आडव्या वाऱ्याने रस्त्याबाहेर गेली. मग नेदरलँड्सच्याच डेल्फ्टची गाडी पुढे आली. ती शेवटच्या दिवशी पेटली. दोन्ही चालक बचावले, शर्यत जिंकली बेल्जियमच्या ल्यूव्हेनने.

समोरच्या हवेचा रोध सगळेच मोजतात; आडव्या झोताकडे दुर्लक्ष होतं. दीड-दोनशे किलोची पसरट गाडी, शेजारून रोड ट्रेन (अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) गेली की हेलपाटते. बाजूच्या हवेचा दाब गुरुत्वमध्याच्या फार पुढे एकवटला, तर गाडी वाऱ्याबरोबर वळू लागते. बंद ट्रॅकवर ट्रक शेजारून नेऊन बघा, आणि ज्याला शर्यतीत चालवायचं आहे त्यालाच बसवा.

दुसरी चूक वेगाची. ऊन आहे म्हणून पळवायची, ढग आले की रांगायचं. हवेला कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. एक तास 60 आणि एक तास 100 ने गेलात, तर सलग दोन तास 80 ने जाण्यापेक्षा हवेवर जवळजवळ 19 टक्के जास्त ऊर्जा जाते, अंतर तेवढंच! बॅटरी असते ती उन्हाचा हा चढउतार झेलायलाच.

सावलीचं गणित सोपं, पण राहून जातं. दक्षिणेकडे जाताना सकाळी ऊन डावीकडून, दुपारनंतर उजवीकडून येतं, आणि चालकाच्या डोक्यावरच्या घुमटाची सावली सोलर सेलवर पडते. एक सेल झाकला तरी सिरीजमधली पूर्ण ओळ मंदावते. म्हणून झाकलेल्या सेलना वगळून वीज पुढे नेणारे बायपास डायोड हवेत, आणि घुमटाजवळच्या ओळींना वेगळा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारं सर्किट).

गाडी मधेच बंद पडली, तर लगेच मोटर उघडू नका. आधी बीएमएसचा, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचा, लॉग बघा. बॅटरीतल्या एकाच सेलचा व्होल्टेज क्षणात कोसळून परत जागेवर येत असेल, तर सेलपेक्षा त्याचा व्होल्टेज मोजणाऱ्या तारेवर, सेन्स वायरवर, संशय घ्या. इन्सुलेटेड हातमोजे घालून कनेक्टर हलवा. स्क्रीनवरचा आकडा उडाला तर क्रिम्प (तारेवर दाबून बसवलेलं टोक) कापून नवा घाला. टेप गुंडाळून पुढे निघू नका.