कोंगू तमिळ कानात कशी बसवावी

पिंपळगाव बसवंतला कांदा भरायला आलेल्या नामक्कलच्या ट्रकचालकाशी चार शब्द बोलायचे असतील, तर छापील तमिळ पाठ करून फारसा उपयोग होत नाही, कारण तमिळची लिखित आणि बोली रूपे एकमेकांपासून बरीच दूर आहेत. कोइम्बतूर, तिरुप्पूर, ईरोड, नामक्कल या तमिळनाडूच्या पश्चिमेकडील पट्ट्यात कोंगू तमिळ बोलतात, आणि आपण तीच बोली थेट ऐकून शिकावी.

सुरुवात आदराच्या प्रत्ययापासून करावी. आपल्याकडे ‘ये’चे ‘या’ होते, तसे तमिळमध्ये ‘वा’चे ‘वांग’ होते. कोंगू बोलीत मात्र तेच ‘वांगो’ असे लांबते आणि क्रियापद नसलेल्या शब्दांनाही चिकटते. ‘सरि’ म्हणजे ठीक, त्याचे ‘सरिंगो’. ‘आमा’ म्हणजे हो, त्याचे ‘आमांगो’. विदर्भातला माणूस ‘हो जी’ म्हणतो, त्यातल्या ‘जी’सारखाच हा गोडवा आहे, आणि माझ्या मते या बोलीचे खरे सौंदर्य तिथेच आहे. तरुणांच्या तोंडी शेवटचा ‘ओ’ पुष्कळदा गळतो, म्हणून वडीलधाऱ्यांचे बोलणे आधी ऐकावे.

‘ळ’ आपल्याला जन्मतः येतोच. ‘तमिळ’ या शब्दातला शेवटचा वर्ण मात्र वेगळा आहे: जिभेचे टोक मागे वळवावे, पण टाळूला टेकवू नये.

चहा पुढे करताना ‘साप्पिडुंगो’, म्हणजे ‘घ्या’, म्हणावे आणि उत्तरातला शेवटचा स्वर नीट ऐकावा.