ट्रम्पेटचा सी पियानोशी का जुळत नाही? ब्राससाठी, म्हणजे पितळी फुंकवाद्यांसाठी, लिहिताना या चुका टाळा

पियानोवरची चाल जशीच्या तशी ट्रम्पेटवादकापुढे ठेवली की पहिल्याच स्वराला ठेच लागते. बी फ्लॅट ट्रम्पेटवर कागदावरचा सी वाजवला, तर कानावर बी फ्लॅट येतो. मग घाईत उलटी दुरुस्ती होते: चाल आणखी एक स्वर खाली लिहिली जाते आणि सी हवा तिथे ए फ्लॅट वाजतो. वाद्य जितकं खाली बोलतं, तितकं वर लिहायचं. सी हवा तर डी लिहा. एफ हॉर्नसाठी वरचा जी. की सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची खूण, हीसुद्धा सोबत बदला. तीन फ्लॅटचा ई फ्लॅट मेजर ट्रम्पेटच्या कागदावर एका फ्लॅटचा एफ मेजर होतो.

‘नळीचा मूळ स्वर बी फ्लॅट, म्हणून वाद्य ट्रान्सपोझिंग, म्हणजे लिहिलेल्यापेक्षा वेगळा स्वर वाजवणारं’ हा समज मात्र जास्त खोल रुजलेला आहे. टेनर ट्रॉम्बोनची नळीही बी फ्लॅटचीच, तरी ऑर्केस्ट्रात तो लिहिलेलाच स्वर वाजवतो. कारण नळीत नाही, वाचायच्या सवयीत आहे. 1810च्या दशकात वॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबून नळीची लांबी बदलणाऱ्या झडपा, आल्या. त्याआधी हॉर्नवादक नळीचे जादा तुकडे, म्हणजे क्रूक, बदलून पट्टी बदलत. कागदावर सीच राही. क्रूकप्रमाणे तो डी, ई फ्लॅट किंवा एफ होऊन वाजे. आपल्या ‘सा’सारखंच: पट्टी सरकते, नाव तेच. ट्रॉम्बोनला स्लाइडमुळे सगळे स्वर आधीपासूनच मिळत होते. चर्चमध्ये तो गायकांना साथ करायचा आणि त्यांच्यासारखेच खरे स्वर वाचायचा.

ट्युबा बी फ्लॅट, सी, ई फ्लॅट, एफ अशा चार पट्ट्यांत मिळतो. ऑर्केस्ट्रात चारही खरे स्वर वाचतात, म्हणून वाद्य बदललं की बोटं नव्याने शिकावी लागतात. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये हा त्रासच नाही. तिथे बास ट्रॉम्बोन सोडला तर कॉर्नेटपासून मोठ्या बासपर्यंत सगळे ट्रेबल क्लेफ (क्लेफ म्हणजे कोणत्या रेषेवर कोणता स्वर हे ठरवणारी खूण) वाचतात आणि वॉल्व्हवरची बोटं तीच राहतात. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते.

युफोनियमसाठी, म्हणजे ट्युबाच्या धाकट्या भावंडासाठी, लिहिताना वादकाला क्लेफ आधी विचारा. बास क्लेफमध्ये तो खरा स्वर वाचतो. ट्रेबलमध्ये वाजणारा स्वर लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक आणि वर एक पूर्ण स्वर इतका खाली असतो. वाद्य मात्र तेच.

आणि ट्यूनिंगला नुसतं ‘बी फ्लॅट द्या’ म्हणू नका. ‘कॉन्सर्ट बी फ्लॅट’, म्हणजे पियानोवरचा खरा बी फ्लॅट, म्हणा: ट्रम्पेट आपला सी वाजवेल, एफ हॉर्न आपला एफ, ई फ्लॅट हॉर्न आपला जी, ट्रॉम्बोन बी फ्लॅटच.