भूजलातला एमटीबीई काढताना कोळशाच्या टाक्या कशा लावाव्यात

पेट्रोल नीट जळावं म्हणून 1990च्या दशकात अमेरिकेत त्यात एमटीबीई (मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर) हे रसायन सर्रास मिसळायचे. पंपांखालच्या टाक्या गळल्या आणि ते भूजलात उतरलं. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला चारनॉक आणि आर्केडिया इथल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचं जवळपास निम्मं पाणी गेलं. कॅलिफोर्नियात 2004 पासून एमटीबीई बंद आहे, पण जुन्या गळत्या जमिनीत आहेतच. या कामात माझी बरीच वर्षं गेली. तरीही ‘कोळशाचा फिल्टर बसवा, झालं’ असं कुणी म्हणालं की माझा संताप होतो.

आधी गळकी टाकी आणि तिच्याखालची माती उचला. मग निरीक्षण विहिरी वेगवेगळ्या खोलीवर घ्या. पावसाचं पाणी वरून मुरतं तसं दूषित पाणी खाली दाबलं जातं, आणि उथळ विहीर खुशाल स्वच्छ दाखवते. त्यानंतर उपसा सुरू करा.

आता कोळसा, म्हणजे उपसलेलं पाणी ज्यातून गाळायचं तो सच्छिद्र, सक्रिय कोळसा. मला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं. पेट्रोलमधलंच दुसरं रसायन, बेंझीन, कोळशाला घट्ट चिकटतं. एमटीबीईला मात्र कोळशापेक्षा पाणीच जवळचं. त्यामुळे बेंझीनच्या हिशेबाने ठरवलेली टाकी एमटीबीईसाठी फार लवकर संपते. विक्रेत्याने दाखवलेला तक्ता कोणत्या रसायनाचा आहे, हे विचारल्याशिवाय सही करू नका. कोळसा नारळाच्या करवंटीचा घ्या. एमटीबीईसाठी तो दगडी कोळशापासून केलेल्यापेक्षा सरस ठरतो. टाकीत भरल्यावर तो रात्रभर पाण्यात भिजू द्या. बुडबुडे यायचे थांबले की खालून वर पाणी सोडून धुवा, काळं पाणी निवळेपर्यंत. हे टाळलं तर आत हवा अडकते, पाणी एकाच वाटेने धावतं आणि अर्धा कोळसा कोराच राहतो.

टाक्या नेहमी दोन, एकीमागे एक. नमुना दोन्हींच्या मधून घ्या. शेवटच्या नळाचा नमुना धोका कळवतो तेव्हा ते पाणी लोकांच्या घरात पोचलेलं असतं. मधल्या नमुन्यात एमटीबीई दिसलं की पहिलीतला कोळसा बदला, दुसरीला पुढे आणा आणि ताजी भरलेली मागे ठेवा. ‘अजून थोडे दिवस चालेल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. एसटीत दांडगा प्रवासी चढला की किरकोळ माणसाला उठवतो, तसं मागून येणारं बेंझीन एमटीबीईला कोळशावरून हुसकून लावतं. मग बाहेर पडणाऱ्या पाण्यात आत येणाऱ्यापेक्षाही जास्त एमटीबीई सापडू शकतं. नाकावरही विसंबू नका. कॅलिफोर्नियाची आरोग्याची मर्यादा लिटरमागे 13 मायक्रोग्रॅम आहे, चव-वासाची 5. बहुतेकांना वास येईपर्यंत दोन्ही ओलांडलेल्या असतात.

नमुन्याची बाटली काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा, बोटाने टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर पुन्हा भरा. बाटलीत आम्ल घालणार असाल तर प्रयोगशाळेला तसं कळवा. आम्ल घातलेला नमुना तापवला तर एमटीबीई मोडून टीबीए (टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल) हे वेगळंच रसायन तयार होतं आणि अहवाल भलतंच सांगतो.

टीबीए खरोखरच पाण्यात असेल तर निव्वळ कोळशाचा नाद सोडा. ते कोळशावर एमटीबीईपेक्षाही कमी टिकतं आणि हवेचा झोत मारूनही पाण्यातून निघत नाही. ते खाऊन टाकणारे जिवाणू आहेत, त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. कॅलिफोर्नियातल्या पोर्ट ह्यूनीमीच्या नौदल तळावर जमिनीतच प्राणवायू सोडून असा जैविक अडसर उभारला होता, आणि तो चालला. जिवाणूंना रुळायला वेळ लागतो, तोवर कोळशाच्या टाक्या मागे चालू ठेवा.

आकडे मर्यादेखाली आले की पंप बंद करून लगेच सामान हलवू नका. उपसा थांबला की पाण्याची पातळी चढते, मातीत अडकलेलं एमटीबीई पुन्हा सुटतं आणि आकडे वर जातात. कॅलिफोर्नियातला हिवाळी पाऊस आणि कोरडा उन्हाळा, दोन्ही पार पडेपर्यंत त्याच विहिरींचे नमुने घेत राहा, सगळ्यात खोल विहिरीचा तर चुकवूच नका.