कागावात उदोन चाखायला जाताना: अर्ध्या दिवसाचा बेत

शिकोकू बेटाच्या ईशान्य टोकाला असलेला कागावा हा क्षेत्रफळाने जपानचा सर्वांत लहान प्रांत. जुनं नाव सानुकी, म्हणून इथल्या जाड, पांढऱ्या गव्हाच्या नूडलला आजही सानुकी उदोन म्हणतात. पाऊस कमी, त्यामुळे शेती तळ्यांच्या भरवशावर. मान्नो-इके हे मोठं तळं कूकाई या भिक्षूने 821 मध्ये दुरुस्त करून घेतलं होतं. पाण्याची अशी टंचाई असलेल्या मुलखात गहू रुजला. सेतो समुद्राच्या किनाऱ्यावर मीठ, शोदोशिमा बेटावर सोया सॉस आणि इबुकी बेटावर सुकवलेली इरिको नावाची मासळी, म्हणजे वाडग्यातलं सगळं हाकेच्या अंतरावर मिळालं. आज मात्र बरंचसं पीठ ऑस्ट्रेलियातल्या गव्हाचं असतं. स्थानिक ‘सानुकी नो युमे’ या वाणाचा उदोन मिळाला तर मुद्दाम मागून खा.

बेत सकाळचाच करा. ओकायामाहून मरीन लायनर गाडी सेतोचा मोठा पूल ओलांडून तासाभरात ताकामात्सुला पोचते. बरीच दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात, आणि त्या दिवशीचा उदोन संपला तर त्याआधीच. रात्रीच्या जेवणासाठी उदोन राखून ठेवलात तर हमखास फसाल. साप्ताहिक सुट्टी प्रत्येक दुकानाची वेगळी, ती आदल्या दिवशी बघा. सुटे येन जवळ ठेवा, कारण लहान दुकानांत कार्ड चालेलच असं नाही.

तीन दुकानं पुरे, चार म्हणजे कमाल. प्रत्येक ठिकाणी ‘शो’ म्हणजे लहान वाडगाच मागा. त्यात एक ‘तामा’, म्हणजे उकडलेल्या उदोनची साधारण दोनशे ग्रॅमच्या वरची एक गुंडी येते. पहिल्याच दुकानात ‘दाई’, म्हणजे मोठा वाडगा, आणि दोन तळलेले पदार्थ घेतले की तिसऱ्या दुकानात चव कळतच नाही.

ताकामात्सु ते कोतोहिरा कोतोदेन रेल्वे आहे, पण आयागावासारख्या भागातली नावाजलेली दुकानं शेतांमध्ये विखुरलेली आहेत. तिथे वाहन लागतंच. टपावर उदोनच्या वाडग्याची प्रतिकृती मिरवणारी उदोन टॅक्सी त्यासाठी उत्तम. तिच्या चालकांना लेखी परीक्षा, प्रत्यक्ष परीक्षा आणि हाताने उदोन करून दाखवण्याची परीक्षा द्यावी लागते. टॅक्सी तासांच्या हिशेबाने आधी ठरवा आणि त्याच वेळी ‘एक कारखानावजा दुकान (उदोन बनतो तिथेच खायचा), एक सेल्फ दुकान (आपलं आपण वाढून घ्यायचं) आणि एक कामातामाचं (कच्च्या अंड्यावरची गरम नूडल)’ असं स्पष्ट सांगा. खाण्याचे पैसे वेगळे.

क्रम महत्त्वाचा. पहिला वाडगा थंड घ्या, वर फक्त सोया सॉसचे काही थेंब. रस्सा नसला की नूडलला लपायला जागा राहत नाही. खाण्याआधी एक नूडल उचलून नीट बघा. सुरीने कापलेली असल्यामुळे तिला चार कडा असतात. कडा ठसठशीत आणि अंगावर चकाकी असेल तर ती नुकतीच उकडून गार पाण्यात चोळून धुतलेली आहे. वीस-तीस मिनिटं पडून राहिली की बाहेरचं पाणी आत झिरपतं, कडा गोलावतात, अंग चिकट होतं. आता चावा घ्या: वरचा थर मऊ, मध्यभागी दात किंचित अडतो आणि मग सुटतो. हीच ‘कोशी’. मध्ये पिठूळ लागलं तर ती कोशी नव्हे, कच्चेपणा आहे.

ही कोशी येते मिठातून, तिंबण्यातून आणि मुरण्यातून. जुना ठोकताळा असा: एक वाटी मिठाला उन्हाळ्यात तीन वाट्या पाणी, कडाक्याच्या थंडीत सहा, एरवी पाच. उकाड्यात कणीक सैल पडते, म्हणून तेव्हा मीठ जास्त. पुरणपोळीची कणीक तिंबून मुरवतात, तसंच हे काम. फक्त इथे गोळा पिशवीत घालून पायाने तुडवतात. ताज्या उदोनच्या पाकिटावर ‘मेइसान’ (नामांकित) किंवा ‘होन्बा’ (मूळ गावचा) सानुकी उदोन असं लिहायचं तर पिठाच्या वजनाच्या किमान 40 टक्के पाणी, 3 टक्के मीठ आणि दोन तासांचं मुरणं हवं, असा नियमच आहे.

दुसरं दुकान सेल्फ. ट्रे घ्या, प्रकार आणि आकार सांगा, तळलेलं काही हवं तर उचला, पैसे द्या. काही ठिकाणी नूडल गरम करायचं कामही आपलंच असतं. जाळीच्या डावात घालून ती उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद धरा, जास्त नाही. मग डाव जोरात झटका. इथेच बहुतेकांची चूक होते: पाणी नीट निथळलं नाही की नळातून घेतलेला दाशी, म्हणजे मासळीचा रस्सा, पांचट होतो. आलं, कांद्याची पात, तळणीचा चुरा घालण्याआधी दोन घास नुसते खा. ‘हिया-आत्सु’ म्हणजे थंड नूडल, गरम रस्सा. पहिला शब्द नूडलचा, दुसरा रश्श्याचा.

शाकाहारी मंडळींनी हे आधीच जाणून घ्यावं: दाशीत इरिको असतेच, आणि ती आपल्या मांदेलीच्या कुळातली मासळी. ‘दाशी-जोयू’ लिहिलेल्या बाटलीतही बहुधा मासळीचा अर्क असतो. साधा ‘की-जोयू’, म्हणजे नुसता सोया सॉस, मागा, आणि तळणीचं तेल सगळ्यांना एकच असतं हे लक्षात ठेवा.

शेवटचा वाडगा कामातामा. कढईतून काढलेली, न धुतलेली नूडल कच्च्या अंड्यावर पडते. हा प्रकार आयागावातल्या यामागोए या दुकानातून पसरला. वाडगा हातात येताच भराभर ढवळा, मग सॉस घाला. फोटो काढत बसलात तर अंडं आळत नाही, पातळच राहतं. नवा घाणा कढईत असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागेल, जरूर थांबा.

अंगात जोर उरला असेल तर कोतोहिराला कोंपिरा देवस्थानाच्या मुख्य मंदिराच्या 785 पायऱ्या चढा. पायथ्याशी अर्धवट वाळवलेल्या उदोनची पाकिटं मिळतात. घरी 100 ग्रॅमला निदान एक लिटर पाणी खळखळ उकळा. त्यात मीठ घालू नका, ते नूडलमध्येच असतं. शिजली की वाहत्या गार पाण्याखाली हाताने चोळून बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा; गरम खायची असली तरीही.